कुटुंब क्रमांक सतरा

चहा फार गोड झालाय, एवढंच मला शांताबाईला सांगायचं होतं. तेवढ्यात ती माझ्यासमोर बशी ठेवता ठेवता म्हणाली, "डिट्टो मंगलावर गेली ना पोरगी." पांढुर्ण्याच्या कॉलेजातली स्टाफरूम, माझ्या खांद्यावर सत्काराची शाल, मांडीवर नारळ, टेबलावर संत्र्यांची टोपली, आणि दारातून नुकतीच बाहेर गेलेली रजनी, जिनं थोड्या वेळापूर्वी माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला होता. मी विचारलं, "कोण मंगला?" अगदी सहज विचारलं. "मंगला म्हणजे रजनीची माय नाही का," शांताबाई म्हणाली. ती कॉलेजात चपराशीण, मूळची मोहगावची. "पोरगी वीस दिवसाची होती तं गेली बिचारी. मंग तिचीच लहान बहीण, देवका, तिले देली ना रजनीच्या बापाले, मनोहरले. पोरीले माहीत नाही बरं का साहेब. मनोहरनं साऱ्या मोहल्ल्याले शपथ घातली हाये, सावत्र शबद तोंडातून काढाचा नाही म्हणून. मी कोणापाशी बोलत नाही. पण तुमच्यापाशी काय लपवाचं? तुमी तं रक्तातलं सारंच पाह्यता." आणि कपबशा गोळा करून ती निघून गेली. मी नारळ उचलून टेबलावर ठेवला. मग पुन्हा मांडीवर घेतला. मग पुन्हा टेबलावर ठेवला. प्राचार्य काहीतरी विचारत होते, जेवण इथंच का घरी, असं काहीतरी. मी म्हणालो, "हो." ते म्हणाले, "इथंच?" मी पुन्हा म्हणालो, "हो." डोकं चालत नव्हतं.

तुम्ही तर रक्तातलं सारंच पाहता! सत्काराच्या भाषणात तरी दुसरं काय होतं? "आपल्या तिगावचे सुपुत्र, रेल्वेतल्या गँगमनचे चिरंजीव, डॉ. गुणवंता सोमकुंवर, ज्यांच्या संशोधनाचा दाखला जगातल्या त्रेसष्ट शास्त्रज्ञांनी दिला." त्रेसष्ट हा आकडा मीच प्राचार्यांना दिला होता. हौसेनं दिला होता. एखाद्यानं आपल्या निबंधाखाली तुमच्या निबंधाचं नाव छापलं की ते झालं एक सायटेशन, आणि या सायटेशनांची एक जाडजूड सूची दरवर्षी अमेरिकेहून नागपूरला आमच्या संस्थेच्या ग्रंथालयात येते. कागद इतका पातळ की मागची अक्षरं पुढं दिसतात. ती आली की मी जेवणाच्या सुट्टीत जातो, कोणी बघत नाही ना याची खात्री करतो आणि बोट खाली नेत नेत स्वतःचं नाव शोधतो. सोमकुंवर जी. टी. त्याच्याखाली परक्या माणसांची नावं, एकाखाली एक. जपानी, ब्राझीलचे, एक कुठला तरी हंगेरीतला माणूस, तो तर दर वर्षी असतोच. आणि पोस्टकार्डं. आपल्या निबंधाची एक प्रत कृपया पाठवावी, अशी छापील कार्डं, क्यूबाची, लेनिनग्राडची, रंगीत तिकिटं लावलेली. माझी बायको म्हणते, तुमची आरती तेवढी करायची राहिली. म्हणू दे. आमच्या बापाला चाळीस वर्षं कोणी पत्र घातलं नाही, आणि मला लेनिनग्राडहून विनंती येते. मी का खुश होऊ नये? पण ही सगळी नावं, हे सगळे जपानी आणि हंगेरियन, कोणत्या गोष्टीचा दाखला देत होते? देवकाबाईचा. कुटुंब क्रमांक सतरामधल्या आईचा. आणि ती आई नव्हती.

सांगतो, नाहीतर माझं मलाच समजणार नाही. आमच्या लोकांत सिकल सेल पुष्कळ. रक्तातल्या लाल पेशी गोल असतात त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात, हातपाय दुखतात, ताप येतो, लेकरं खंगतात. हा दोष बीजातून येतो. आईकडून एक, बापाकडून एक, असा दोन्हीकडून आला तर आजार. एकाचकडून आला तर त्या माणसाला काही होत नाही, तो नुसता वाहक. इतकं साधं गणित. सत्याहत्तर साली मी सौसर तहसिलीत गावोगाव सायकलनं फिरून एकशे बारा कुटुंबांची रक्तं घेतली. मोहगावची रजनी तेव्हा आठ वर्षांची. तिच्यात दोष दोन्हीकडून आलेला. बाप मनोहर वाहक. आणि आई देवकाबाई? स्वच्छ. काहीच नाही. मी तीनदा तपासलं. रक्तगट जुळवून पाहिले, सगळे नीट जुळत होते. आता कळतं का जुळत होते. सख्खी मावशी ती, जुळणारच! पण तेव्हा माझं काळीज धडधडायला लागलं होतं. आईत नाही आणि तरी पोरीत आईकडून आलेलं आहे, म्हणजे आईच्या बीजात तो बदल नव्यानं, आपल्या डोळ्यांसमोर, मोहगावात घडला. असं कोणी दाखवलं नव्हतं. मी दाखवलं. अठ्ठ्याहत्तर साली पहिला निबंध आला. ऐंशी साली दुसरा. आणि येत्या जानेवारीत संस्थेच्या उपसंचालकपदाची मुलाखत आहे, तिच्या अर्जात एक रकाना आहे, सर्वाधिक दाखले मिळालेला शोधनिबंध. तो मी भरून ठेवला होता.

मला नागपूरची गाडी धरायची होती. मी स्टेशनवर न जाता मोटर स्टँडवर कसा आलो ते नीट आठवत नाही. शाल घडी करून बॅगेत कोंबली होती आणि हातात सकाळच्या तपासणी शिबिरातली पेटी होती, सुया, नळ्या, स्पिरिट. जिनिंग मिलसमोर कापसाच्या गाड्या उभ्या, हवेत ती बारीक कापसाची धूळ, नाकात जाणारी. सौसरच्या मोटरमध्ये खिडकीशी बसलो तोच आवाज आला, "सर, तुम्ही मोहगावला येऊन राहिले का?" रजनी. शनिवार, ती घरी चालली होती. माझ्या शेजारीच बसली. आता मी काय करावं? मी तिच्या तोंडाकडं बघायला लागलो. डिट्टो मंगला. मंगला मी कधी पाहिलीच नाही, तरी मला तिचा चेहरा दिसायला लागला. पिवळसर डोळे, ते आजाराचे. हनुवटी थोडी पुढं. देवकाबाईची हनुवटी अशी आहे का? आठवेना. नऊ वर्षं मी त्या बाईच्या रक्ततपासणीच्या कागदी पट्ट्या कपाटात जपून ठेवल्यात आणि तिची हनुवटी मला आठवेना. "सर, मी तुमचे दोन्ही पेपर वाचले," रजनी म्हणाली. "आमच्या श्रीकांत सरांनी नागपूरहून झेरॉक्स आणून दिले. इंग्रजी जड जाते, पण वाचले. कुटुंब सतरा म्हणजे मीच ना?" तिनं पिशवीतून कागद काढून दाखवले. समासात पेन्सिलीनं मराठीत अर्थ लिहिलेले. "श्रीकांत सर म्हणतात, जगात काहीही नवीन छापून आलं तुमच्या पेपरवर, तं ते मला आणून देतील." मी म्हणालो, "वा, छान." आणखी काय म्हणणार?

मोटर हलली आणि मी माझ्याशी भांडायला लागलो. दुरुस्ती छापायची, हे उघड आहे. चूक कळली की छापायची. आपल्या निबंधावर विसंबून हंगेरीतला तो माणूस वर्षानुवर्षं काय काय मांडत बसला असेल. दुरुस्तीत मी लिहायचं की कुटुंब सतरामधली आई ही जन्मदाती नव्हती, सबब निष्कर्ष रद्द. दोन ओळी. उपसंचालकपद गेलं, जाऊ दे. नाही, जाऊ दे कसं? पण जाऊ दे. मग ती दुरुस्ती श्रीकांत सर आणून देतील, आणि ही पोरगी समासात पेन्सिलीनं अर्थ लिहील, जन्मदाती नव्हती. बापानं साऱ्या मोहल्ल्याला शपथ घालून जे सतरा वर्षं झाकलं ते हिला माझ्याकडून, छापील, इंग्रजीत. आणि नाही छापली तर? तर काही नाही. त्रेसष्टचे सत्तर होतील, ऐंशी होतील. कोणाचं काय बिघडतं? असं मी मनाशी म्हणतो आहे तोच रजनी म्हणाली, "मी मायसंग बोलत नाही सर. दोन महिने झाले."

"का?" मी विचारलं. "दसऱ्याच्या टायमाले लय दुखलं. सौसरच्या दवाखान्यात आठ दिवस भरती होती. लय म्हणजे लय दुखते सर, सांगता येत नाही. तवा मी तिले विचारलं, मी पोटात होती तवा तू काय केलं? दुसऱ्या पेपरात लिहिलंच आहे ना तुम्ही. आईनं सांगितलं की गरोदर असताना ती कापसाच्या फवारणीत होती. मी म्हटलं, हे खरं आहे का? ती म्हणे, हो, गेली होती. बाबा नको म्हणत होते का? म्हणे, हो, नको म्हणत होते. मंग काऊन गेली? तं खाली पाहून राहिली. म्हणजे बाबांचं त्यांच्या बापापासून आलेलं, ते बिचारे काय करतील. पण तिचं तसं नाही ना. तिच्यात नव्हतंच. तिनं ते तयार केलं." ती हे रागानं नाही, धडा म्हटल्यासारखी बोलत होती, आणि धडा माझाच होता. मी म्हणालो, "तसं नसतं गं." ती म्हणाली, "तुम्हीच लिहिलं आहे सर." मी खिडकीची काच सरकवली, ती निम्म्यावर अडकली.

एकोणऐंशीचा तो दिवस मला आता स्पष्ट दिसायला लागला, नको इतका स्पष्ट. मी पुन्हा मोहगावला गेलो होतो, दुसऱ्या निबंधासाठी. बदल घडला, पण का घडला? काही औषध, काही किरण, काही विष? मी देवकाबाईला विचारलं, "ताई, रजनी पोटात असताना काही वेगळं झालं होतं का? आठवून सांगा." ती आठवत बसली. फार वेळ. मी मनात म्हणालो, किती प्रामाणिक बाई आहे, नीट आठवून सांगते आहे. मग तिनं इकडं तिकडं पाहिलं. भिंतीवर फवारणीचा पंप टांगलेला होता. त्याच्याकडं पाहून ती म्हणाली, "फवारणीत गेली होती." मी विचारलं, कितवा महिना? ती म्हणाली, तिसरा. बीजातला बदल व्हायचा तर पोट राहण्याआधीच, म्हणजे ती आधीही जात असणार, असं धरून मी लिहिलं, तिसरा. अरे गाढवा! ती बाई जे पोट तिला आलंच नव्हतं त्याचे महिने मोजून देत होती, आणि तू लिहून घेत होतास. तिनं काय सांगायला हवं होतं? समोर दहा वर्षांची पोर बसलेली, तोंडात बोट घालून ऐकत. तिला दुसरं काही सुचलं नाही. भिंतीवर पंप होता म्हणून पंप. कंदील असता तर कंदील सांगितला असता आणि मी जगाला कंदिलाचा धूर कळवला असता.

आणि पहिल्या वेळचं तर त्याहून वाईट. आमचे मार्गदर्शक पुण्याचे. त्यांनी फॉर्म तयार केला होता, त्यात आईच्या नावापुढं तीन चौकोन होते, पोटची, सावत्र, दत्तक. ते मला निघताना म्हणाले होते, "सोमकुंवर, हे प्रत्येक बाईला विचारायचं. लाजायचं नाही." मी म्हणालो होतो, "सर, आमच्याकडं असं विचारत नाहीत." खरंच नाही विचारत. मोहगावात मी पोचलो तेव्हा दुपार होती, देवकाबाईनं विचारलं, कुठले? तिगावचे. कोणाचे? दादाराव गँगमनचे. मग तिनं पाणी दिलं, पाट टाकला, भाकर वाढली, आंबाडीची भाजी, आणि म्हणाली, "जेवा भाऊ." आता एकदा जेवलो आणि भाऊ झालो की त्या बाईला हे लेकरू तुझ्या पोटचं आहे का, असं कोणत्या तोंडानं विचारायचं? तिथं लेकरू मांडीवर झोपलेलं, ती त्याच्या केसातून हात फिरवते आहे. मी फॉर्म घेऊन बाहेर लिंबाखाली आलो आणि तीनही बायकांचे, त्या गल्लीतल्या तीनही घरांचे, पहिल्या चौकोनात फुल्या मारून टाकल्या. बाहेरचा एखादा असता, पुण्याचा, मुंबईचा, तर त्यानं आगाऊपणा करून का होईना विचारलं असतं. मी घरचा होतो, मला रीत ठाऊक होती, म्हणून जगात खोटं गेलं. हे मला तेव्हा सभ्यपणा वाटलं होतं. आज काय वाटतं? आजही सभ्यपणाच वाटतो, आणि त्याची लाजही वाटते, दोन्ही एकदम. याचं मी काय करू?

सौसरला उतरून आम्ही टेम्पोनं मोहगावला आलो. रजनी पुढं, मी पेटी घेऊन मागं. मनोहर वावरात गेला होता. देवकाबाई अंगणात संत्री निवडत बसली होती, डागी एका बाजूला, चांगली एका बाजूला. रजनी तिच्या शेजारून सरळ आत गेली, काही न बोलता. देवकाबाईनं मान वर करून तिच्या पाठीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. हनुवटी पाहिली मी. थोडी पुढं होती. म्हणजे तसं म्हटलं तर होती, नाही म्हटलं तर नव्हती. "भाऊ, किती वर्सानं!" ती उठायला लागली. मी म्हणालो, "बसा ताई." मीही समोर बसलो, एक संत्रं हातात घेतलं, आणि ज्यासाठी टेम्पोभर शब्द जुळवत आलो होतो ते सगळं सोडून एकदम बोलून गेलो, "मंगलाबाई केव्हा गेल्या?"

तिचा हात थांबला. "रजनीसमोर इचारलं का हे कोणाले?" "नाही." "तिले सांगतलं कोणी?" "नाही ताई. तिला काही माहीत नाही." तिनं श्वास सोडला. "मंग ठीक हाये," ती म्हणाली आणि पुन्हा संत्री निवडायला लागली. ठीक! मी तिला हळू आवाजात समजावायला लागलो. तो कागद चुकला, मी त्यात तुमच्यावर दोष घातला, तुमच्या बीजात बिघाड झाला असं लिहिलं, तो बिघाड झालाच नव्हता, मंगलाबाई वाहक असणार, साधी गोष्ट होती. ते आता जगाला सांगायला हवं. "जग कोण?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "शास्त्रज्ञ. जपानमधले, रशियातले." "ते इथी येतात का?" "नाही. पण रजनी वाचते ना. तिच्या हातात येईल." "मंग नका लिहू." "चूक आहे ती, ताई." "कोणाची चूक? माही का तुमची?" मी म्हणालो, "माझी. मी विचारायला हवं होतं." ती हसली. खरंच हसली. "तुमी इचारलं असतं तं मी सांगतलं असतं का भाऊ? मी म्हटलं असतं, माहीच हाये. बहिणीनं मरतानी माह्या पदरात घातली, मंग कोणाची हाये? मी का खोटं बोलली असती?" म्हणजे विचारलं असतं तरी तेच. माझा सभ्यपणा नसता तरी तेच. मोटरमध्ये मी स्वतःला ज्या शिव्या दिल्या त्यांतल्या निम्म्या आता परत घ्याव्यात का, ते मला कळेना.

"पण ती तुमच्याशी बोलत नाही," मी म्हणालो. "तिला वाटतं हे दुखणं तुम्ही दिलं. तुम्ही फवारणीत गेलात म्हणून." देवकाबाईनं एक डागी संत्रं उगाच चांगल्यांत टाकलं. डोळे भरून आले होते, ते तिनं लपवले नाहीत. "दवाखान्यात रात्रंदिवस ओरडे भाऊ. हात लावू दे ना. म्हणे, तू दूर हो, तुह्यापासूनच झालं हे. मी बाहेर व्हरांड्यात बसो. मले काय वाटलं असन? पण मी म्हटलं, ओरड. मायवरच ओरडते पोरगी. मावशीवर कोण ओरडते? उद्या तिले समजलं तं ती लय नीट वागन माह्याशी. उपकार म्हणन. मले नाही पाह्यजे ते नीट वागणं." आणि मग, एकदम हलक्या आवाजात, "फवारणीचं मीच बोलली. मले तवा दुसरं काही सुचलं नाही. तुमी तं वही घेऊन बसलेच होते."

मी तिथं बसून काय काय विचार केला ते आता सांगताना नीट ओळीत येतं, तेव्हा ओळीत नव्हतं. खरं लिहिलं तर ही पोरीला मुकते. काही नाही लिहिलं तर पोरगी हिच्यावर असाच राग धरून राहते, दर दुखण्याला, दर दवाखान्याला, आणि त्या रागाला आधार माझा छापील कागद. तिसरं काही आहे का? कोणत्याही पुस्तकात तिसरं काही नसतं. मला भूक लागली होती. इतक्या मोठ्या गोष्टीत भूक लागावी याचं मला आश्चर्य वाटलं. हातातलं संत्रं मी सोलून ठेवलं होतं आणि खात नव्हतो. तेवढ्यात रजनी तांब्या घेऊन बाहेर आली, माझ्यासमोर पाणी ठेवलं, आईकडं न बघता वळली, आणि मी म्हणालो, "रजनी, थांब. तो निबंध चुकला आहे."

ती थांबली. "कोणता?" "दोन्ही. कुटुंब सतरामधली आईची नळी माझ्या हातून बदलली गेली. सत्याहत्तर साली. दुसऱ्या घरातल्या बाईची नळी मी तुझ्या आईच्या नावानं तपासली. परवाच जुनी वही बघताना कळलं." खोटं इतकं सुरळीत तोंडातून येतं हे मला ठाऊक नव्हतं. सबंध आयुष्यात मी एकही नळी बदलली नाही, ज्यांना मी शिकवलं त्यांना विचारा. तोच तर माझा अभिमान. "म्हणजे मायमध्ये पण आहे?" रजनीनं विचारलं. "आहे. बाबांमध्ये आहे तेवढंच. तिलाही तिच्या आईबापाकडून आलं असेल. नवीन काही घडलं नाही." "आणि फवारणी?" "फवारणीचा काही संबंध नाही. ती गेली असो की नसो." रजनी तांब्या हातात घेऊन उभी राहिली. मला वाटलं आता ही रडेल, आईच्या गळ्यात पडेल. तसं काही झालं नाही. तिचं तोंड उतरलं. "म्हणजे माझ्यात विशेष काहीच नाही," ती म्हणाली. "आणि ते त्रेसष्ट लोक?" मी म्हणालो, "त्यांना कळवीन. चूक माझी होती असं छापीन." "तुमचं नाव खराब होईन सर." "होईल थोडं." थोडं! ज्याच्या प्रयोगशाळेत आईची नळी बदलते त्याचं दुसरं कोणतं काम कोण मानणार? अर्जातला तो रकाना डोळ्यांसमोर आला. देवकाबाई माझ्याकडं टक लावून बघत होती. तिला नळी, वही यातलं किती समजलं देव जाणे, पण मी काय केलं ते समजलं होतं.

मग रजनी जे म्हणाली ते माझ्या ध्यानीमनी नव्हतं. ती म्हणाली, "मग पुन्हा घ्या ना." मी म्हणालो, "काय?" "मायचं रक्त. नमुना चुकला तर पुन्हा घेतात. प्रॅक्टिकलला सर तेच सांगतात. तुमच्यापाशी पेटी आहे. आताच घ्या." बरोबर बोलत होती. शंभर टक्के बरोबर. माझ्या हाताखालच्या एखाद्या पोरानं असं सांगितलं असतं तर मी त्याची पाठ थोपटली असती. मी देवकाबाईकडं पाहिलं. तिनं हातावरची धूळ पदराला पुसली आणि म्हणाली, "चुलीवर पाणी ठेवतो. मागं बी तुमी सुई उकळली होती." सुई उकळेपर्यंत आम्ही तिघं चुलीभोवती बसलो. पातेल्यात सुई हलत होती. मला एकदा वाटलं की उठावं, रजनीला बाजूला न्यावं आणि सगळं सांगून टाकावं, आणि लगेच वाटलं की सांगणारा मी कोण? मी सुई फडक्यावर काढली, देवकाबाईच्या दंडाला पट्टा बांधला. तिची शीर बारीक, पहिल्यांदा सापडली नाही. "हलवू नको हात," रजनी एकदम आईवर खेकसली आणि तिनं आईचं मनगट दोन्ही हातांनी धरून ठेवलं. दोन महिन्यांतले ते पहिले शब्द. देवकाबाईचे डोळे मिटले. नळी भरत आली. मी सुई काढली, रजनीनं कापसाचा बोळा दाबून धरला. "दुखलं का?" तिनं विचारलं. "नाही." "खोटं नको बोलू." "थोडंसं," देवकाबाई म्हणाली. "मंग सांगाचं ना तसं. दवाखान्यात मी काय काय बोलली तुले, तवाही तू काहीच नाही बोलली. काऊन नाही बोलली तू?" आता तिचा आवाज फाटला. देवकाबाईनं मोकळा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

मी नळी हातात धरून उभा होतो. कोमट होती. तिच्यात काय निघणार ते मला ठाऊक होतं, तीनदा तपासून ठाऊक होतं, आणि देवकाबाईलाही ठाऊक होतं. त्या अंगणात त्या रक्तावर भरवसा असलेली एकटी रजनी होती. मला हसू येत होतं की रडू, तेही कळत नव्हतं. नागपूरला जाऊन मी ही नळी उघडणार नाही आणि निकाल मात्र लिहीन, हे माझ्या लक्षात आलं, आणि असं करणाऱ्या माणसाला मी आजवर काय म्हणत आलो तेही आठवलं. तरी मी नळीला बूच लावलं.

"सर, काय निघते ते मले पत्रानं कळवा," रजनी म्हणाली. बोळा तिनं अजून दाबूनच धरला होता, रक्त केव्हाचं थांबलं होतं. "कळवतो," मी म्हणालो. "मायलेही वाचून दाखवीन मी. तिच्यात काय आहे ते तिलेही समजलं पाह्यजे."

"मले माहीत हाये," देवकाबाई म्हणाली, आणि पोरीच्या हातातला आपला हात तिनं तसाच राहू दिला.